आखूड पायाचं टेबल

माझा मामा सुतार. हात सरळ, डोकं तिरकं. बाबांनी आईवर हात उगारलेला दिसला म्हणून त्याने त्यांच्या खांद्यावर हातोडा हाणला. बाबांचा खांदा मोडला आणि सवयही. मामाला चार वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगातही सुतारकामच मिळालं. एकदा मतदानासाठी चाळीस टेबलं करायची होती, तिन्ही बाजूंनी फळ्यांचा आडोसा असलेली. मामाने वॉर्डरला विचारलं, "साहेब, आमचं मत कधी?"

"टेबल कर गुपचूप. कैद्याचं मत कुणाला हवंय?"

मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळिसाव्या टेबलाचा एक पाय त्याने मुद्दाम आखूड कापला. बाहेरची शहाणी माणसंही जरा डुगडुगू देत!

सुटून आला तर मतदारयादीतून नाव उडालेलं. मतदानाला आई आत जायची, हा बाहेर तिची पिशवी धरून उभा. एरवी कुणाच्या बापाला न भिणारा माणूस तेवढा वेळ मान खाली घालायचा. मला ते बघवायचं नाही.

शेवटी एकदा तो अर्ज घेऊन नोंदणी कचेरीत गेला. कारकून म्हणाला, "शिक्षा संपल्याचा दाखला आणा." म्हणजे ज्या फाटकातून बाहेर पडायला चार वर्षं तडफडला, त्याच फाटकाशी आता 'आत घ्या' म्हणून हात जोडणं आलं.

"ओळखपत्र?" फाटकावरच्या शिपायाने विचारलं.

"अहो, रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हीच मोजायचात की मला!"

"मोजायचो. ओळखत नव्हतो."

पाच खेपा झाल्या. सहाव्या खेपेला तुरुंगातल्या कारखान्याचे मास्तर भेटले, "अरे, हा तर आमचा टेबलवाला!" म्हणाले, आणि दाखला मिळाला. मामा तो उशाखाली घेऊन झोपायचा. आम्हाला हातही लावू देईना. यथावकाश यादीत नाव आलं.

मतदानाच्या दिवशी दाखला खिशात होताच. "कुणी अडवलं तर तोंडावर फेकीन." कुणीही अडवलं नाही. त्याचा जरा हिरमोडच झाला. या खेपेला त्याची हत्यारांची पिशवी घेऊन आई बाहेर थांबली. मामा आडोशामागे गेला. एक मिनिट झालं, दोन झाली. रांग कुरकुरायला लागली.

"काका, काय करताय आत?" अधिकारी ओरडला.

"टेबल हलतंय!"

"हलू द्या! शिक्का मारा आणि या!"

चाळिसांतलं नेमकं तेच आमच्या वाट्याला आलं होतं. करावं तसं भरावं. मामा घामाघूम होऊन बाहेर आला. त्याच्यामागे माझा नंबर. मी शिक्का मारला, टेबल तसूभर हललं नाही. खाली वाकून पाहिलं, तर आखूड पायाखाली चार घड्या घातलेला कागद. वरच्या घडीवर तुरुंगाचा गोल शिक्का.

बाहेर येऊन मी म्हणालो, "मामा, दाखला आत राहिला. पुन्हा लागला तर?"

"लागू दे." बोटावरची शाई वाळली का ते बघत तो म्हणाला, "पाय मी कापलेला. लोकांनी किती वर्षं डुगडुगत मत द्यायचं?"