मानांग एर्लिंडाची सही

फिलिपीन्समधल्या गिमारास बेटावरच्या आमच्या वस्तीत ज्या मुलांच्या लसी राहिल्या असतील, त्यांच्या घरी खेटे घालायचं काम माझं. गोवराच्या यादीत एकच नाव उरलं होतं, जोवेलिन, वय आठ. तिची आई एर्लिंडा पानात बांधलेला गोड भात विकते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मानांग म्हणते, मोठी बहीण; ती मला इंदाय म्हणते, धाकटी.

बाई तोंडाची फटकळ, पण हाताची सढळ. नकारही द्यायची तो भात खायला घालून. पहिल्या खेपेला म्हणाली, "इंदाय, टोचल्यावर पोरं तापानं फणफणतात गं." दुसऱ्या खेपेला, "टोचून शेवटी शाळेतच धाडायची ना? दोन वर्षं घरी शिकली, काय अडलं? मेडल आणलंय पोरीनं."

"मानांग, तुझा भात ताजा असतो, कारणं मात्र शिळी," मी म्हटलं. माझं डोकं फिरलं होतं.

तिसऱ्या खेपेला मी शाळेतल्या लसीकरणासाठी संमतीचा कागदच पुढे केला. तिनं अंगठा पुढे केला.

"अंगठा? अगं, दुकानाची पाटी तूच लिहिलीस ना?"

मानांगनं अंगठा मागे घेतला.

"कागद पोरीच्या वर्गाच्या मॅम सोरोंगोनकडे जाणार ना?" तिनं हळूच विचारलं. "त्या माझं अक्षर ओळखतील."

कोविडमध्ये शाळा बंद असताना दर सोमवारी घरी अभ्यासाच्या पुस्तिका यायच्या, त्या सगळ्या हिनंच सोडवल्या होत्या. पोर बसून आईची पानं पुसायची आणि आई पोरीची गणितं करायची.

"आधी तिची दया आली, मग मलाच गोडी लागली. दुसरीतून शाळा सुटलेली बाई मी, आणि मला भागाकार जमला, इंदाय. पण पोरीला धड वाचता येत नाही. वर्गात उभं केलं की हसतील तिला. माझ्यापायी."

तिला चांगली झापणार होते. पण आमच्या गल्लीत कुठल्या आईनं पुस्तिकेला हात लावला नव्हता? माझ्या लेकाची चित्रं मीच काढली होती. मला तिची फार माया वाटली.

"सही कर. मी येते बरोबर."

शाळेत जोवेलिन सुई टोचताना रडली नाही, मॅमनी धडा वाचायला दिला तेव्हा रडली. मॅम सोरोंगोननी तिला जवळ घेतलं आणि उद्यापासून तासभर लवकर यायला सांगितलं. मग त्यांनी संमतीच्या कागदावरची सही पाहिली आणि मानांगकडे वळल्या. मानांगची मान खाली.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच बोलायला हवं होतं, चुकलंच माझं. पण तपासताना दर वेळी वाटायचं, ही विद्यार्थिनी हुशार आहे. शनिवारी इथं मोठ्यांचा वर्ग भरतो." आणि त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला.

मानांगनं तो बराच वेळ वाचला. "यावर कुणाची सही लागते?"

"तुमचीच."

तिनं माझ्याकडून पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, कुठंही खाडाखोड न करता.