दुप्पट वेगातले बाबा

अनुया नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात छातीची फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे श्वास ऐकायचे, हेच तिचं काम. सांगलीला बाबा एकटे असतात. ते रोज आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायचे. लेकीला, मायराला, शाळेतून आणताना गाडीत मिळायची चार मिनिटं. म्हणून अनुया बाबांना दुप्पट वेगाने लावायची.

“आजोबा कार्टूनसारखी बोलते!” नऊ वर्षांची मायरा मागे खिदळायची.

“बोलू दे. तू बेल्ट लाव. डान्सचे शूज घेतलेस का?”

घरी पोचलं की रिपोर्ट, स्वयंपाक, मंडळाच्या गणपतीच्या जेवणाची यादी, त्यातच सतराशे साठ फोन. बाबांना उत्तर म्हणून एक अंगठा. फार तर, ‘रविवारी नक्की बोलू.’ रविवारही असाच जायचा.

त्या मंगळवारी फोन मायराच्या हातात होता आणि तिचं बोट चुकून कुठेतरी लागलं.

“मम्मा, आजोबा स्लो झाला. मी काही नाही केला हं!”

“नळाचं… काम झालं… एकदाचं. प्लंबर… म्हणाला…”

अनुयाने गाडी कडेला घेतली. नकळत मोजू लागली. दोन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास. मिनिटाला चौतीस. वॉर्डात असती तर धावत सुटली असती.

मग तिने जुने मेसेज साध्या वेगात लावले. तीन आठवडे धाप वाढतच गेली होती. तिने प्रत्येक मेसेज ऐकला होता. ‘बाबा हल्ली काय उत्साहात असतात!’ असं नवऱ्याला सांगितलंही होतं.

तिने फोन लावला.

“बाबा, धाप कधीपासून लागतेय?”

“अगं… सांगितलं ना तुला. मागच्या… सोमवारी. ऐकलं नाहीस?”

ऐकलं होतं; दुप्पट वेगात, मायराच्या शूजची चौकशी करता करता.

“शेजाऱ्यांना हाक मारा. आत्ता. हॉस्पिटलात जा. मी येतेय.”

“गणपती आहेत ना… तुझ्याकडे? कामं…”

“नाहीत बाबा. काही कामं नाहीत.”

मॅनेजरला तिने दोन ओळी लिहिल्या. मंडळाचे उदयकाका मात्र फोनवर उसळले. “अगं, दीडशे पानं उठायचीत! तुझ्याशिवाय कसं व्हायचं?”

“कुणीतरी वाढेल, काका. बाबांना मुलगी एकच आहे.”

ती गुरुवारी दुपारी सांगलीत पोचली. बाबांच्या घशात नळी होती, डोळे मिटलेले. तरुण डॉक्टर फाइल चाळत म्हणाला, “तुम्ही याच क्षेत्रातल्या ना? मग मी वेगळं काय सांगू?”

तिने मान हलवली. कॉटच्या पायथ्याशी एक स्टूल होतं, ते ओढून घेतलं.

“सिस्टर, मी इथेच बसते. महिनाभर रजा आहे मला. रात्रीसुद्धा थांबेन.”

“आयसीयूत नाही चालत, ताई. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. तुम्ही लांबून आलात म्हणून आत्ता सोडलं.” मग जरा हळू आवाजात, “बोला त्यांच्याशी. ऐकू येतं म्हणतात.”

“बाबा,” अनुया म्हणाली. “प्लंबर पुढे काय म्हणाला, ते मी ऐकलंच नाही.”