आधी कुठं उभा आहेस ते विचार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — नीट कळत नाही.

युनूस आणि मी बाहत्तरच्या दुष्काळात श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात एकदमच लागलो, उसाच्या वजनकाट्यावर. वीसेक वर्षांनी तिथे कॉम्प्युटर आला, युनिक्सवाला. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि आपण टाईप करू ती आज्ञा. साहेबांनी युनूसला निवडलं, मला नाही. वाईट वाटलं का? वाटलं.

तरी तोच मला शिकवायचा. शुक्रवारी नमाजाला जाताना आपल्या नावाने उघडलेला पडदा मुद्दाम तसाच ठेवायचा — माझा हात बसावा म्हणून. हे आमच्या दोघांतच होतं. 'पीडब्ल्यूडी' टाकलं की आपण कुठल्या कप्प्यात आहोत ते कळतं. 'आरएम' टाकलं की फाईल पुसली जाते.

"आधी कुठं उभा हाईस ते इचार, मग झाडू फिरव," तो म्हणायचा. "हे यंत्र फिरून इचारत न्हाई."

एका शुक्रवारी मी विचारलं नाही. सरावाच्या फाईली समजून सगळ्या पुसल्या — आणि उभा होतो ऊसवजनाच्या कप्प्यात. पडद्यावर काहीच झालं नाही. नुसती पुढची ओळ आली. मी दाराबाहेर काढलेल्या चपला घातल्या आणि काट्यावर जाऊन बसलो. डबाही खाल्ला. भेंडी होती.

पुण्याहून इंजिनियर आला. युनूसच्या नावावरून पुसलंय, म्हणाला. युनूसने मला बाजूला घेऊन एकदाच विचारलं, "तू बसला हुतास का रं?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्याने लगेच मानलं. त्या शुक्रवारी नमाजाला निघण्याआधी त्याने स्वतः काही जुन्या फाईली पुसल्या होत्या — तेव्हाच आपला हात चुकला, असं त्याने धरलं. साहेबांपुढे माझं नाव काढलं नाही. नाही, काढलं — त्याला काट्यावर परत पाठवलं तेव्हा, त्याच्या जागी मला घ्या म्हणून.

पहिल्या दिवशी तो मला खुर्चीपर्यंत सोडायला आला. "आधी इचारत जा बरं का," म्हणाला. "मी इचारलं नसंल त्या दिवशी."

मी मान हलवली. काय वाटलं तेव्हा? काहीच नाही. अजूनही फारसं वाटत नाही.

निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत मीच बसलो. युनूसने कीबोर्डला पुन्हा बोट लावलं नाही.