घरच्या माणसाचा कप

सकाळी मुक्ता, माझी लेक, चहा घेऊन खिडकीत बसली आणि मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघू लागले. तिने कपाचा कान न पकडता तो दोन्ही तळव्यांत धरला होता, थेट माझ्या आईसारखा. आई जाऊन सहा महिने झाले. आमवाताने तिची बोटं इतकी वाकली होती, की कपाच्या कानात ती जातच नसत.

या आजाराचा धोका वाढवणारी जनुकं आईकडून मुलांकडे येऊ शकतात. पण ती आली म्हणजे आजार आलाच असं नसतं, हे डॉक्टरांनी मला समजावलं होतं. तेव्हा पटलंही होतं. आता मात्र मला त्या कपाभोवतीची बोटंच दिसत होती.

"मुक्ता, सकाळी बोटं आखडतात का गं?"

"छे! का?"

"मग कप असा का धरलायस?"

ती हसली. "अगं, आजी म्हणायची, कानाला धरतात ते पाहुणे. घरच्या माणसाने असाच धरायचा!"

म्हणजे आईने आपलं दुखणं नातीला खेळ म्हणून दिलं होतं! रक्तातून काय आलंय ते मला ठाऊक नाही, पण हे तर निव्वळ लाडातून आलं होतं. मला एकदम हसू फुटलं, आणि रडूही.

मला चिडवायला मुक्ताने दहाही बोटं सहज वाकवून कडाकड मोडून दाखवली. घरात बोटं मोडू नयेत म्हणून मी तिला कायम ओरडत आले. आज म्हटलं, "पुन्हा एकदा मोड बरं."