मोगऱ्याआडचा गाळ

मोगऱ्याचा एवढा उग्र दरवळ मी जन्मात हुंगला नव्हता! गोरेगावातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात त्या छोटेखानी एसयूव्हीचं दार उघडलं आणि वाटलं, मुंबईतल्या समस्त नववधूंनी आपापले गजरे हिच्याच डिकीत विसर्जित केले असावेत. बॉनेट तर असं तेजःपुंज, की त्यात पाहून मी दाढी केली असती आणि उरलेल्या उजेडात शेजाऱ्याचीही!

तुम्हाला अनुभव असेल, कर्ज मंजूर झाल्याचा निरोप आला की मनुष्याची उंची आपोआप चार बोटं वाढते. माझी इतकी वाढली की दहिसरच्या चाळीत मी दारातून वाकून शिरू लागलो. गाडी यायच्या आधीच तिच्यातून मी अख्ख्या चाळीला फिरवून आणलं होतं. कुणाला घाटात, कुणाला थेट गावच्या देवळापर्यंत. सकाळी निघताना पेढ्यांचा पुडाही बरोबर घेतला होता. त्या साऱ्या थापांत एकच गोष्ट खरी होती: आईचे गुडघे एसटीच्या पायऱ्यांना शरण गेल्यापासून तिने मालवणचं आपलं अंगण पाहिलेलं नव्हतं.

आता उरला होता फक्त मोबाइलवर येणारा आकडा. पूर्वी सहीची शाई वाळेपर्यंत तरी मनाला उसंत असे. हल्ली चार अंक उच्चारले की वर्षानुवर्षांचे हप्ते मानगुटीवर! दुकानाचे शेठ माझ्या ओठांवर नजर रोवून बसले होते. "साहेब, ओटीपी आला की बोला ना."

आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. आमची चाळ नदीकाठची. पावसाळ्यात नदी न सांगता, जिना चढून पाहुणी येते आणि जाताना आपला वास ठेवून जाते. डोळे न उघडताच आई हळू म्हणाली, "बाबू, पूर ओसारल्यार आपल्या गाद्यांक असोच वास येय."

मोगऱ्याच्या त्या अरण्यातून काहीतरी ओलसर, कुजकट, ओळखीचं पुढे सरकलं. मला आधी आला नव्हता का तो वास? आला असेलही; पण कर्ज मंजूर झालेल्या माणसाचं नाक त्याच्या ताब्यात राहतं कुठे?

मी सीटबेल्ट ओढत गेलो. काळाभोर, गुळगुळीत पट्टा येत राहिला, येत राहिला, आणि अगदी टोकाशी वाळलेला तपकिरी गाळ! पुरात बुडालेली गाडी धुणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता. शेठ म्हणाले, धूळ आहे. मग म्हणाले, टोकन म्हणून भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. तेवढ्यात मोबाइल किणकिणला. अंक माझ्या तळहातावर झळकत होते, आणि डोळ्यांपुढे चाळीचा जिना, पायरीपायरीवर एकेक हसरा शेजारी. पुराचं पाणी गळ्यापर्यंत आलं होतं तेव्हाही मी इतका भ्यालो नव्हतो! ओठ गच्च मिटून बसलो. अंकांची मुदत संपली.

आम्ही रिक्षाने परतलो. जिन्याच्या तोंडाशीच शेजारच्या सावंतकाकांनी विचारलं, "काय रे, गाडी खंय?" आणि आयुष्यात प्रथमच मला एकही थाप सुचेना. आईने माझ्या हातातला पुडा काढून घेतला, सोडला आणि त्यांच्या तळव्यावर पेढा ठेवला.

"घेवा भावजी. माझो झील आज बुडता बुडता वाचलो."

एक पेढा मीही उचलला. तोंडाशी नेला तर वेलचीच्या सुवासामागून बोटांना चिकटलेली नदी आली. आई गुडघ्यावर हात देऊन पहिली पायरी चढली. गाव तिथेच होतं, तितकंच दूर. मी तिच्या कोपराखाली हात घातला.