खोलीतला दुसरा चेहरा

वाशीमहून गाडी सुटताना बाबा खिडकीशी आले. लॅपटॉपची बॅग मांडीवरच ठेव म्हणाले, आणि मग हळूच, "दिवाळीपर्यंत बघ. नाहीच जमलं तर परत ये, पाहुणे विचारतायत." तिथे राहिलेल्या मैत्रिणींनो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचं मात्र माझ्यामागून इकडे आलेल्यांनाही मी सांगितलं नाही, हसाल म्हणून.

आयटी पार्कला लागूनच्या माण गावात खोली मिळाली. खिडकीतून पार्कच्या काचा दिसत. पहिली ऑनलाइन परीक्षा तिथूनच दिली. दार लावलेलं, खोलीत मी एकटी. तरी स्क्रीनवर सूचना आली: एकाहून जास्त चेहरे दिसत आहेत. माझ्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट होती. दुसरी मागच्या कोपऱ्यात, कुणी मांडी घालून बसावं तेवढ्याच उंचीवर. तिसऱ्या सूचनेला परीक्षा बंद पडली. दुसऱ्या कंपनीच्या वेळीही तेच. दिवाळीला तीन आठवडे उरले होते आणि माझी पाचावर धारण बसली.

घरमालकीण काकूंना सांगितलं, तर त्या मेथी निवडत म्हणाल्या, "आमच्या आत्याबाई हायेत त्या." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, वारून बारा वर्षं झालेल्या. "आमचं रान ह्या काचंच्या कंपन्यांत गेलं तवापासनं त्याच कोपऱ्यात बसून असायच्या. काय करत न्हाईत. नीट सांग, उठतील."

एवढी शिकलेली मी, पण पुढच्या ऑनलाइन परीक्षेआधी कोपऱ्याकडे बघून म्हणालेच, "आत्याबाई, अर्धा तास बाहेर बसता का? नोकरीचा प्रश्न आहे हो."

चौकट एकच आली. नोकरी लागली. मग रोज निघताना मी कोपऱ्याला "येते" म्हणू लागले. आईला फोन करायचा राहून जाई, हे कधी राहत नसे.

महाळुंग्याच्या फ्लॅटवर राहायला जाताना काकूंनी बजावलं, "त्यास्नी सांगून जा." टेम्पोवाल्यासमोर लाज वाटली, तशीच निघाले. नव्या घरात सगळं होतं, पण मला करमेना. न सांगता आल्याचं फार सललं.

आता मुलाखती मी घेते. परवा घरीच, अकराव्या मजल्यावर दार लावून बसले होते. समोर स्क्रीनवर नांदेडची एक मुलगी. उत्तर देता देता ती अडखळली.

"सॉरी मॅडम, तुमच्या मागं एक आजी बसल्यात."

मी मागे वळले नाही.

"असू दे," मी म्हणाले, "आमच्या घरच्याच आहेत. तू बोल."