दोन इंच उंच

चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे दोरीमास्तर म्हणत. मशिन यायच्या आधी तो गाडीला दोरी लावून चाकं सरळ करायचा. ‘मास्तरांनी लग्नात फोटो काढतानासुद्धा पाहुण्यांना दोरी लावून उभं केलं होतं,’ अशी गॅरेजात थट्टा चाले. मास्तर हसे, पण अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालवून घेत नसे.

त्याची एकुलती लेक नर्स होती. दवाखाना हायवेने साठ किलोमीटरवर. रोजच्या जाण्यायेण्यासाठी तिने परवडेल अशी छोटी एसयूव्ही घेतली. महिन्याभरात जावई गाडी घेऊन गॅरेजात आला.

“बाबा, हिला दोन इंच उचलून द्या. टायरही मोठे टाका. एसयूव्ही दिसली तरी पाहिजे!”

“जावईबापू, गाडी आधीच उंच आणि हलकी आहे. आणखी उचलली तर शंभराच्या पुढे डोलेल.”

“ती कुठे शंभरने जातेय?”

जावयाला नाही म्हणणं मास्तरला जड गेलं. त्याने स्प्रिंगवर चकत्या बसवल्या, टायर बदलले, अलाइनमेंट केलं. लेकीला मात्र धोक्याचं एका शब्दाने सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी फोन आला. पुलावर आडवा वारा होता. शेजारून कंटेनर जोरात पुढे गेला, तशी गाडी हेलकावली. लेकीने घाबरून स्टिअरिंग ओढलं, गाडी उलट्या बाजूला झुकली, पुन्हा ओढलं आणि गाडी दोनदा उलटली.

लेक ऑपरेशन थिएटरमध्ये असताना मास्तर पोलीस ठाण्याच्या आवारात गेला. चेपलेल्या गाडीखाली आडवा होऊन त्याने एकेक बोल्ट चाचपला. एखादा ढिला निघावा, एखादा टायर आधीच फुटलेला असावा, काहीतरी दुसरं सापडावं. काही सापडलं नाही. सगळं घट्ट होतं. त्याचं काम चोख होतं. तो तिथेच तेलकट मातीत बसून हमसून हमसून रडला.

डॉक्टर म्हणाले, “जीव वाचला. उजवा पाय दीड सेंटिमीटर आखूड राहील.”

बाहेर जावयाने त्याचा हात धरला. “बाबा, गाडी उचलल्यामुळे झालं, हे तिला आत्ताच नको सांगायला. वारा होता, बस्स.”

मास्तरने चार दिवस तिला काही कळू दिलं नाही. पाचव्या दिवशी लेक स्वतःच म्हणाली, “माझीच चूक, बाबा. एकशे दहाने होते. ड्युटीला उशीर झाला होता.”

त्याला राहवेना. “नाही गं. गाडी उंच केल्यावर ती वेगात सावरता येणार नाही, हे मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“हो.”

“आणि मला रोज जाऊ दिलंत?”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग अकरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. नवऱ्याशीही कामापुरतंच. मास्तर रोज डबा आणी, टेबलावर ठेवी, स्टुलावर बसून राही. वॉर्डातली नर्स म्हणे, “काका, घरी जाऊन पडा जरा.” तो मान हलवी आणि तिथेच बसे. तिने कायमचं तोंड फिरवलं तर काय, हा विचार त्याला सोडत नसे. त्याला आता साधा नटही धरवत नसे.

बाराव्या दिवशी नर्स जागेवर नव्हती. लेक कण्हली. दोनदा बेल दाबली, कोणी आलं नाही.

“उशी वर करा,” ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

तो धडपडत उठला.

“हळू. दुखतंय.”

त्याने तिच्या मानेखाली हात घातला आणि उशी सरकवली. हात काढा, असं ती म्हणाली नाही.